एका घडामागची राज्यघटना

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या शेजारी फैजपूर आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरची ही दोन गावं, मधे केळीच्या बागा. शाळा, कॉलेज, बाजार, सोयरीक या ना त्या कामाने माणसं दिवसभर इकडून तिकडे जात असतात. या फैजपुरात २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन म्हणून ते पुस्तकांत नोंदलेलं आहे. अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. अधिवेशन इथे उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांत पुढे होते खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, आणि त्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत साने गुरुजी. शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोसांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून अधिवेशनासाठी उभारलेलं ‘टिळकनगर’ सजवलं. खेड्यातल्या वस्तूंनी खेड्याचा मांडव देखणा करायचा, ही गांधीजींची इच्छा होती.

मांडवाची, गर्दीची वर्णनं खूप आहेत. मला मात्र तिथे झालेल्या एका ठरावाचं अप्रूप वाटतं. इंग्रजांनी केलेला १९३५चा भारत सरकार कायदा आम्हाला नको, आमची राज्यघटना आम्हीच लिहू, आणि ती लिहिणारी सभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली असेल, अशी मागणी फैजपुरात झाली. त्या वेळी मत कुणाला होतं? ज्याच्याकडे जमीन-जुमला होता, जो ठरावीक कर भरत होता किंवा ठरावीक शिकलेला होता, त्याला. देशात असे मतदार तीन-साडेतीन कोटींच्या घरात. मांडवाबाहेर धुळीत उभं राहून भाषणं ऐकणाऱ्या सालदाराला, मजूर बाईला मत नव्हतं. तरीही त्यांच्या वतीने मागणी झाली ती सगळ्यांच्या मताची.

पुढे दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९४६ला संविधान सभा पहिल्यांदा बसली. ती फैजपूरने मागितली तशी प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. प्रांतांच्या विधिमंडळांनी तिचे सभासद निवडले होते. पण तिने लिहिलेल्या घटनेच्या ३२६व्या कलमात प्रौढ मताधिकार आला, आणि १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून जास्त नावं होती. तीन-साडेतीन कोटींवरून १७ कोटींवर, तेही पंधरा वर्षांत आणि मधे फाळणी होऊन देशाचे तुकडे पडलेले असताना. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांचं प्रमाण प्रचंड, म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी पेटी ठेवली होती. असा प्रयोग त्याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर जगात कुठेच झाला नव्हता.

हा सगळा मजकूर सावद्यातल्या दहावीच्या मुलाच्या दप्तरात असतो. ‘संविधानाची वाटचाल’, ‘निवडणूक प्रक्रिया’ अशी प्रकरणं आहेत त्यात. आणि त्या दप्तरामागेही याच मुलखाची एक गोष्ट आहे. पुस्तक बालभारतीचं. ही संस्था २७ जानेवारी १९६७ला स्थापन झाली. तिची पहिली पुस्तकं मुलांच्या हाती पडू लागली तेव्हा महाराष्ट्राचे शिक्षणमंत्री होते मधुकरराव चौधरी, म्हणजे धनाजी नानांचे चिरंजीव. तेच पुढे १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. सावद्याहून सातपुड्याकडे, पालच्या रस्त्याला लागलं की त्यांचं खिरोदा लागतं. वडील ज्या अधिवेशनासाठी राबले त्यात घटना लिहिणाऱ्या सभेची मागणी झाली, आणि मुलाच्या मंत्रिपदाच्या काळात महाराष्ट्राच्या पोरांना सरकारने छापलेलं स्वस्त पुस्तक मिळू लागलं. रावेर तालुक्यातल्या शिक्षकाला यापेक्षा चांगली सुरुवात कुठून मिळणार?

आता खुद्द पुस्तकाकडे येऊ. बालभारतीची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रं, दहावीत निवडणुका, पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हानं. मूल घरासमोरच्या गटारीपासून निघतं, न्यूयॉर्कपर्यंत जातं आणि परत आपल्या मतपेटीपाशी येतं. पण शाळेत हा विषय इतिहासाच्या पाठीला बांधलेला असतो, गुण थोडे, तासही थोडे. मग नगरपरिषदेची आवश्यक कामं पाठ होतात, आणि नगरपरिषदेची इमारत शाळेच्या वाटेवर असूनही तिच्या पायऱ्या कुणी चढत नाही.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच : नागरिकशास्त्र शिकवायला सावद्यासारखं गाव पुरेसं आहे. केळीचा एक घड घ्या आणि त्याच्या मागे मागे जा.

घड बागेत आहे. पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की त्यानंतर लावलेली कांदेबाग, झाडाला पाणी लागतं. पाणी हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत आहे. पण तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, खानदेशातून जाते आणि गुजरातेत सुरतेजवळ समुद्राला मिळते. अशा आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या यादीत घातलं आहे, कारण वरच्या राज्याने पाणी अडवलं तर खालच्याने दाद कुणाकडे मागायची? विहिरीवरचा पंप विजेवर चालतो. वीज समवर्ती यादीत, म्हणजे त्यावर संसदही कायदा करू शकते आणि विधानसभाही. दोघांचं जुळलं नाही तर साधारणपणे संसदेचं चालतं. रात्री अपरात्री पाणी भरायला बागेत जाणारा शेतकरी या समवर्ती यादीच्या अगदी टोकाला उभा असतो.

मग जानेवारीत थंडी पडते किंवा मे महिन्यात वादळ येऊन उभ्या बागा आडव्या होतात. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्याच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा, राज्याचा वाटा, केंद्राचा वाटा. विमा हा विषय केंद्राच्या यादीतला, शेती राज्याच्या यादीतली. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून : पारा ठरलेल्या अंशाच्या खाली किंवा वर किती दिवस राहिला, वारा किती वेगाने वाहिला. माझ्या बागेत नुकसान झालं आणि यंत्रात नोंद नाही, असं म्हणणारा शेतकरी या तालुक्यात प्रत्येक गावात भेटेल. त्या यंत्राची जागा कोण ठरवतं, नोंदी कुणाला पाहता येतात, तक्रार किती दिवसांत करायची, हे प्रश्न नववीच्या वर्गात आले तर गणित, भूगोल आणि राज्यशास्त्र एकाच तासात शिकून होईल.

घड कापला. बाजार हा राज्याचा विषय. कृषी उत्पन्न बाजार समितीचा कायदा १९६३चा. समिती भाव जाहीर करते आणि व्यापारी त्याहून कमी भावाने माल उचलतात, ही रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. भाव जाहीर करण्याचा अधिकार आणि तो भाव द्यायला लावण्याचा अधिकार यांत किती अंतर असतं, ते इथल्या मुलाला रोज संध्याकाळी घरात ऐकू येतं. मग घड सावदा स्टेशनवरून रेल्वेने दिल्लीकडे निघतो. रेल्वे केंद्राची. त्यामुळे वॅगन हव्या असतील तर नगरसेवक किंवा आमदार पुरत नाहीत, खासदाराला गाठावं लागतं. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही संसदेच्या १९९९च्या कायद्याखाली. आणि कापणीनंतर रस्त्यावर, गटारीत पडलेला पाला आणि खोडं उचलायची कुणी? तिथे नगरपरिषद येते. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या कारभाराचे १८ विषय तिच्यात आहेत. घनकचरा त्यातलाच एक.

मूळ घटनेत केंद्राच्या यादीत ९७ नोंदी होत्या, राज्याच्या ६६, समवर्ती ४७. वर्गात हे आकडे पाठ करून घेतात. पण एका घडामागे निघालं की त्या याद्या आपोआप उलगडत जातात, आणि आपलं काम कुणाच्या टेबलावर अडलं आहे हे ओळखायची नजर येते. माझ्या मते नागरिकाचं पहिलं कौशल्य हेच. अर्धी आयुष्यं चुकीच्या कचेरीसमोर रांगेत जातात.

शिवाय वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी बाग नसते. शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलीचे आईवडील त्याच बागेत मजुरी करतात. तिच्या बाजूने घडाची गोष्ट किमान वेतनापासून सुरू होते, रेशनकार्डावरून जाते आणि शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्यापाशी येऊन थांबते. पालच्या बाजूने शिकायला आलेल्या तडवी किंवा पावरा आदिवासी मुलाच्या घरी २००६च्या वनहक्क कायद्याचा दावा पडून असेल. तो दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, कलेक्टरपासून नाही. घटना एकच आणि तिघांची वाट वेगळी. त्यांनी आपापली वाट एकमेकांना सांगितली तर त्या वर्गात जे घडेल ते कुठल्याही धड्यात मावणार नाही.

हे असं शिकवता येतं का? खानदेशात ते शंभर वर्षांपूर्वी झालं आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या वसतिगृहाचे प्रमुख. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणं नीट करत. आदळआपट करणारी, पसारा टाकणारी मुलं ते बघून आपोआप झाडू हातात घेत. आणि तिथे ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक निघे. दैनिक! छापखाना नाही, पगारी माणूस नाही. गुरुजी रात्री बसून लिहीत आणि सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. वसतिगृहातल्या घडामोडींपासून जगातल्या चळवळींपर्यंत सगळं त्यात येई. रोज सकाळी आपल्या छोट्या वस्तीची बातमी वाचणाऱ्या मुलाला आपण कुठल्यातरी समाजाचे घटक आहोत, हे वेगळं शिकवावं लागत नाही. १९३० साली गुरुजी शाळा सोडून सविनय कायदेभंगात उतरले, तुरुंगात गेले.

त्याच काळात, हजारो मैलांवर पोलंडमधल्या वॉर्सात, यानुश कोरचाक नावाचे डॉक्टर अनाथ मुलांचं घर चालवत होते. त्या घरात मुलांची संसद होती आणि मुलांचं न्यायालय होतं. न्यायालयाच्या संहितेतली पहिली ९९ कलमं आरोपीला या ना त्या कारणाने सोडून देणारी होती. शंभराव्या कलमापासून दोष सुरू व्हायचा. खुद्द कोरचाकही मुलांच्या न्यायालयापुढे उभे राहिले आहेत, कारण कायदा मोठ्यांनाही लागू होता. १९२६मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेलं वर्तमानपत्र सुरू केलं. अमळनेरच्या वसतिगृहाला वॉर्सा माहीत असण्याचं कारण नव्हतं, वॉर्साला अमळनेर माहीत असण्याचं त्याहून नव्हतं. तरी दोघांच्या हाताला तेच साधन लागलं : वर्तमानपत्र आणि रोजच्या जगण्यातला वाटा. १९४२च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या मुलांना मृत्युछावणीकडे नेलं तेव्हा कोरचाक त्यांच्याबरोबर गेले. सुटण्याची संधी असूनही त्यांनी मुलांना सोडलं नाही.

आपल्या शाळांत आज शालेय मंत्रिमंडळ असतं. बऱ्याच शाळा निवडणूकही मनापासून घेतात : अधिसूचना निघते, अर्ज भरले जातात, माघारीची मुदत असते, चिन्हं वाटली जातात, बोटाला शाई लागते. मोबाइलवर मतदान यंत्रासारखं अ‍ॅप घेऊन शिक्षक ‘बीप’ असा आवाजही काढतात आणि पोरं हरखून जातात. हे फार चांगलं आहे. या खेळात खऱ्या निवडणुकीचे कितीतरी बारकावे हाताशी येतात. बोटावरच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीशी मिसळून उन्हात काळं पडतं, म्हणून धुतलं जात नाही. मत दिल्यावर यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. आणि याच खानदेशाच्या टोकाला, नर्मदेकाठच्या मणिबेलीसारख्या गावांकडे मतदान कर्मचारी होडीतून यंत्रं घेऊन जातात, कारण तिथल्या मोजक्या मतदारांचं मतही मुंबईतल्या मताएवढंच वजनदार.

पण मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काय होतं? बिल्ले वाटले जातात, आणि स्वच्छतामंत्री वर्गात कागद वेचतो. इथे माझं शिक्षकांशी भांडण आहे, प्रेमाचं. मंत्रिमंडळ निवडलं असेल तर त्याला ठरवायला काहीतरी खरं द्या. ग्रंथालयात या वर्षी कुठली पुस्तकं घ्यायची, मैदान कुठल्या वेळी मुलींसाठी राखायचं, स्नेहसंमेलनाचे पैसे कशावर खर्च करायचे. थोडे पैसे, थोडा अधिकार आणि महिन्याला सगळ्या वर्गांपुढे हिशेब. चुकतील, चुकू द्या. मत मागताना दिलेलं वचन महिनाभरात कसं जड होतं आणि मत देणाऱ्याने ते विसरायचं नसतं, हे दोन्ही धडे दहावीच्या आत मिळून जातील.

खरा अधिकार तर त्यांच्याकडे आजही आहे, अठरा वर्षं व्हायची वाट न बघता. माहितीचा अधिकार नागरिकाला आहे, आणि २००५च्या कायद्यात त्याला वयाची अट घातलेली नाही. महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी, २००२मध्ये आपला असा कायदा केला होता. दहा रुपये शुल्क, दीडशे शब्दांच्या आत एकाच विषयावरचा अर्ज, आणि ३० दिवसांत उत्तर. लखनौच्या एका शाळकरी मुलीने अर्ज करून विचारलं होतं की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी सरकारने कधी दिली. शोधाशोध झाली आणि अशी नोंद नसल्याचं सरकारला कळवावं लागलं. विचार करा, एवढं मोठं राज्ययंत्र, आणि एका शाळकरी पोरीच्या प्रश्नासाठी त्याला कपाटं उघडावी लागली. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न मांडणं ही मराठीच्या पेपरातल्या कुठल्याही पत्रलेखनापेक्षा अवघड आणि उपयोगी कसरत आहे. आमच्या शाळेसमोरच्या रस्त्याचं काम कधी मंजूर झालं, किती रकमेचं, किती वर्षांच्या हमीचं? वर्गाने मिळून एक अर्ज लिहावा आणि उत्तर फळ्यावर लावावं.

इथे पालक आणि मुख्याध्यापक दचकतात. शाळेत राजकारण नको, असं म्हणतात. ही भीती मी हलकी मानत नाही. छोट्या गावात नगरसेवक वर्गातल्याच कुणाचा तरी काका असतो. जर्मनीने हा पेच फार कडू अनुभवानंतर सोडवला. हिटलरच्या काळात शाळांनीच मुलांची डोकी भारली होती, आणि पुढे सत्तरच्या दशकात शाळांत राजकारण कसं शिकवावं यावर तिथे मोठी भांडणं पेटली. १९७६मध्ये वेगवेगळ्या मतांचे शिक्षणतज्ज्ञ श्टुटगार्टजवळच्या बॉयटल्सबाख नावाच्या, द्राक्षमळ्यांच्या एका लहानशा गावात बसले. त्यांच्या बोलण्यातून तीन तत्त्वं निघाली. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. ज्या गोष्टीवर समाजात वाद आहे ती वर्गात वाद म्हणूनच मांडायची, सगळ्या बाजूंनी. आणि मुलाला आपलं हित कशात आहे हे ओळखून त्यासाठी काही करता येईल इतकं सक्षम करायचं. द्राक्षांच्या त्या गावाचं नाव आज लोकशिक्षणाच्या चर्चेत जगभर घेतलं जातं. आपल्या केळीच्या गावातले शिक्षकही ही तीन तत्त्वं वर्गाच्या दारावर लावू शकतात. वाद टाळल्याने वर्ग निःपक्ष होत नाही. तो फक्त मुका होतो.

आणखी एक आकडा मुलींना जरूर सांगावा. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या कितीतरी जणी आपलं नाव सांगायला शिकल्या. आज महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नववीतल्या मुलीने आपल्या प्रभागाची नगरसेविका कोण आहे हे शोधावं, तिला भेटावं आणि सभेत ती काय बोलली ते विचारावं. उत्तर तिच्या पतीने द्यायला सुरुवात केली तर नम्रपणे पुन्हा तिलाच विचारावं.

सावद्याच्या शिक्षकांना, पालकांना विनंती आहे. या वर्षी नववी-दहावीचा एक वर्ग नगरपरिषदेत घेऊन जा, अर्थसंकल्पाची प्रत मागा आणि परत येताना फैजपूरचं अधिवेशन जिथे भरलं ती जागा मुलांना दाखवा. नावनोंदणीचंही सांगून ठेवा : मतदार होण्याचं वय १९८९पासून २१ऐवजी १८ झालं आहे, यादीसाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि १७ वर्षं पूर्ण झाली की नमुना क्रमांक ६चा अर्ज आगाऊ भरून ठेवता येतो.